टेम्पो, मॅटॅडोर आणि गॅरेज : महाराष्ट्रातील व्यापारी व्हॅनच्या दुरुस्तीचा इतिहास

महाराष्ट्रात व्यापारी वाहनांच्या दुरुस्तीचा धंदा वाहनांच्या कारखान्यांआधी उभा राहिला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला परदेशी भागांची जुळणी करून गाड्या तयार करायला सुरुवात केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेले फोर्ड, शेव्हरोले, डॉज अशा बनावटीचे ट्रक लिलावात निघाले आणि या 'डिस्पोजलच्या' गाड्यांवर अनेकांनी वाहतुकीचा व्यवसाय सुरू केला. गाड्या स्वस्त मिळाल्या, पण त्यांच्यासोबत सुटे भाग आले नाहीत. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना देशात जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. त्यांनी विकलेल्या गाड्या मात्र रस्त्यावरच होत्या. आयातीवर परवान्यांचे बंधन होते, त्यामुळे तुटलेला भाग नवा आणण्यापेक्षा तो लेथवर बनवून घेणे किंवा वेल्डिंग करून पुन्हा वापरणे हाच मार्ग उरला. गाडी खोलणारा मिस्त्री आणि भाग घडवणारा लेथवाला यांची जोडी या टंचाईतून जमली. पुढची पन्नास वर्षे हा धंदा याच जोडीवर चालला.

शिकलेले हात दोन ठिकाणांहून आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. त्यानंतर महामंडळाने प्रत्येक आगारात कार्यशाळा आणि पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत चिकलठाणा, नागपुरात हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा आणि डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेली मुले एसटीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागत. त्यांतली सगळीच तिथे कायम होत नसत. उरलेली बाहेर येऊन गॅरेज टाकत. दुसरी वाट उस्तादाच्या हाताखालची. पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असताना गॅरेजात येई, आधी पार्ट रॉकेलमध्ये धुऊन देई, मग पान्यांचे नंबर ओळखू लागे आणि काही वर्षांनी चाक खोलण्याइतका तयार होई. या वाटेने उत्तम कारागीर घडले हे खरे, पण त्यासाठी मुलांचे बालपण आणि शाळा खर्ची पडली, हेही त्याच ठामपणे नोंदवायला हवे. गॅरेजकामाचा समावेश पुढे बालकामगार कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत झाला तो उगाच नव्हे. ब्रेकच्या लायनरची ॲस्बेस्टॉस असलेली धूळ तोंडाने फुंकून साफ करणारी ही मुलेच असत.

छोट्या मालवाहू गाडीचा महाराष्ट्रातला खरा इतिहास १९५८ पासून सुरू होतो. अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी बजाज समूहासोबत बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन या कंपनीच्या सहकार्याने मुंबईत गोरेगावला 'हान्सीट' ही तीनचाकी बनवायला सुरुवात केली. बैलगाडी आणि हातगाडी यांच्या वरचे, पण ट्रकपेक्षा पुष्कळ स्वस्त असे वाहन छोट्या व्यापाऱ्याला प्रथमच मिळाले. हान्सीटची रचना साधी होती. सुमारे चारशे सीसीचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुढच्या एकमेव चाकावरच बसवलेले असे आणि साखळीने तेच चाक फिरे. मागचा सगळा भाग मालासाठी मोकळा.

या गाडीचे आजार तिच्या रचनेतूनच येत. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून ते जाळणाऱ्या इंजिनात काजळी साचते. सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याचे तोंड काजळीने अरुंद झाले की गाडी ओढेनाशी होते, चढावर दम टाकते. त्यावरचा उपाय चालकाला स्वतःला येत असे : हेड खोलायचे, पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडायची, सायलेन्सर काढून विस्तवात भाजायचा आणि आपटून झाडायचा. प्लग काळा पडणे, कॉन्टॅक्ट पॉइंट जळणे, साखळी सैल पडणे, मिश्रणात ऑईल कमी पडून पिस्टन जाम होणे हे बाकीचे नेहमीचे प्रकार. पुढच्या एकाच चाकावर इंजिनाचे वजन, गती आणि वळण्याचे काम असल्याने त्या चाकाचे बेअरिंग आणि टायर लवकर झिजत. पिस्टन जाम झाला नसेल तर बहुतेक दुरुस्ती रस्त्याच्या कडेला, दोन-चार पान्यांवर होई. खर्च मुख्यतः वेळेचा होता. हान्सीटचे उत्पादन भारतात शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. मूळ जर्मन गाडी १९५६ च्या सुमाराला बंद झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे इथल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या साध्या यंत्राला किती आयुष्य दिले हे कळते.

कारखाना १९६४ मध्ये पुण्याजवळ आकुर्डीला आला आणि १९६९ मध्ये बजाज टेम्पोने 'मॅटॅडोर' बाजारात आणली. या व्हॅनचे मूळही विडाल यांच्याच घराण्यातले. जर्मनीत ती कंपनी पुढे हानोमागकडे आणि तिथून डाइमलर-बेंझकडे गेली, त्यामुळे तिथे हीच गाडी वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. महाराष्ट्रात मात्र तिचे मॅटॅडोर हेच नाव टिकले. बंद पत्र्याची व्हॅन, उघडा हौदा, शाळेची गाडी, रुग्णवाहिका, पोलीस व्हॅन अशा अनेक रूपांत ती आली. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे, डेअरीचे दुधाचे कॅन, मार्केट यार्डातला भाजीपाला आणि लग्नसराईत वऱ्हाड, सगळे तिनेच वाहिले. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मॅटॅडोर दुरुस्त करणारा मिस्त्री सापडे, आणि त्याच्या गॅरेजची ओळखही त्याच कामाने होई.

मॅटॅडोरची मूळ रचना पुढच्या चाकांना गती देणारी होती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्त्या नंतर आल्या. पुढून गती दिल्याने मागे पोलादी दांडा आणि डिफरन्शियल यांची गरज उरत नाही, गाडीचा तळ खाली येतो आणि माल चढवणे सोपे जाते. पण वळतानाही चाकाला गती देण्यासाठी पुढच्या ॲक्सलला जे सांधे लागतात ते ग्रीसमध्ये बुडालेले असतात आणि ग्रीस रबरी बूट सांभाळतो. खडीच्या रस्त्यावर तो बूट फाटतो, ग्रीस गळते, धूळ आत जाते. मग स्टेअरिंग पूर्ण वळवले की चाकाकडून 'कट-कट' असा आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकून ताबडतोब बूट बदलला तर काम थोडक्यात भागे. तो तसाच चालवला तर सांधाच बदलावा लागे आणि खर्च कित्येक पटींनी वाढे. रबराच्या एका क्षुल्लक भागावर पोलादाच्या महागड्या भागाचे आयुष्य अवलंबून असते, हा नियम व्हॅनच्या दुरुस्तीत पदोपदी भेटतो.

दुसरा नेहमीचा आजार गाडी गरम होण्याचा. मॅटॅडोरचे इंजिन चालकाच्या शेजारी, केबिनच्या आतच झाकणाखाली असे. उन्हाळ्यात भरलेली गाडी खंडाळ्याच्या, कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात चढवताना पाणी उकळे आणि घाटाच्या कडेला वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग लागे. रेडिएटरमध्ये कूलंट घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. विहिरीचे नाहीतर बोअरचे जड पाणी भरले जाई, त्यातले क्षार नळ्यांत साचून रेडिएटर चोंदे. यावर मिस्त्रींनी काढलेला सार्वत्रिक तोडगा म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. पाण्याचा प्रवाह मोकळा झाला की घाटात थोडा दिलासा मिळे. पण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर आणि थंडीत हवे तितके तापतच नाही. थंड सिलिंडरवर इंधन नीट जळत नाही, ऑईल पातळ होते आणि लायनर लवकर झिजतो. घाटातल्या एका अडचणीवरचा हा उपाय बाकीच्या सगळ्या प्रवासात इंजिनाचे आयुष्य कमी करत होता. गॅरेजच्या ज्ञानाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका उदाहरणात दिसतात : समोरचे दुखणे तात्काळ थांबवण्यात ते तरबेज होते, पण वर्षभराने दिसणारे नुकसान मोजण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते.

डिझेल इंजिन आले तसा दुरुस्तीच्या धंद्यात नवा घटक शिरला. डिझेल जळण्यासाठी ते प्रचंड दाबाने, अगदी बारीक फवारा होऊन सिलिंडरमध्ये यावे लागते. हे काम करणारे पंप आणि नोझल भारतात बनवण्यासाठी मायको ही कंपनी बॉश कंपनीच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूरला निघाली. पुढे तिने नाशिकला सातपूरमध्ये नोझलचा आणि इंजेक्टरचा कारखाना उभारला. नाशिककर आजही शहरातल्या एका चौकाला मायको सर्कल म्हणतात. पंपातले प्लंजर आणि बॅरल इतके नेमके जुळवलेले असतात की एकाचा जोडीदार दुसऱ्याला चालत नाही. साध्या गॅरेजात हे काम होणे शक्य नव्हते, म्हणून शहरोशहरी 'डिझेल लॅब' निघाल्या. मिस्त्री गाडीवरून पंप उतरवून लॅबमध्ये नेऊन देई. तिथे तो कॅलिब्रेशनच्या यंत्रावर चढवून प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल जाते की नाही हे काचेच्या नळ्यांत मोजले जाई.

नोझल तपासण्याची रीत पाहण्यासारखी होती. इंजेक्टर हाताने चालणाऱ्या पंपाला जोडायचा, दांडा हळूहळू दाबायचा आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. जुन्या व्हॅन-इंजिनांत सुमारे सव्वाशे बारच्या आसपास नोझल उघडले पाहिजे. उघडताना ते करकर असा आवाज करते आणि धुक्यासारखा सारखा फवारा सोडते. त्याऐवजी डिझेलची सरळ धार आली किंवा उघडण्याआधीच टोकाला थेंब जमला तर नोझल गेले. तसे नोझल गाडीत राहिले की काळा धूर येतो, डिझेल जास्त जाते आणि धार एकाच जागी पडत राहिली तर पिस्टनचा माथा जळून भोक पडते.

या सगळ्याला भेसळीने मोठा घोर लावला. रेशनचे रॉकेल डिझेलपेक्षा खूप स्वस्त असल्याने ते डिझेलमध्ये मिसळण्याचा काळा धंदा राज्यात अनेक वर्षे चालला. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते. रॉकेलमध्ये तो चिकटपणा नसल्याने प्लंजर घासून पंप निकामी होई. रोजच्या डिझेलमागे चार पैसे वाचवणारा किंवा नकळत भेसळीचे डिझेल भरणारा मालक वर्षाकाठी लॅबचे मोठे बिल भरत असे. हा धंदा केवळ पंप खराब करून थांबणारा नव्हता. मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले.

गॅरेजचे सर्वांत मोठे आणि सर्वांत खर्चिक काम म्हणजे इंजिन काम. मिस्त्री त्याचे निदान बहुतांशी डोळ्यांनी आणि कानांनी करीत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे गाइड गेले. पांढरा धूर सुटतच राहिला तर पाणी आत शिरते आहे किंवा डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. चालू इंजिनावर ऑईल भरण्याचे झाकण उघडले आणि तिथून धूर भसाभसा बाहेर आला तर 'इंजिन बॅक मारतंय' असे म्हणत, म्हणजे रिंगांना न जुमानता दाब खाली उतरतो आहे. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले किंवा ऑईल दुधाळ झाले तर हेड गॅस्केट उडाले हे नक्की.

काम किती करायचे हे यावरून ठरे. हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवणे, रिंगा आणि बेअरिंग बदलणे हे 'हाफ इंजिन'. ब्लॉक पूर्ण मोकळा करून बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन असे सगळे केले तर 'फुल इंजिन'. ब्लॉक उघडल्यावर मिस्त्री सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवून पाही. रिंगा जिथवर पोचतात त्याच्या वर लोखंड झिजत नाही, खाली झिजते. तिथे नखाला कडा लागली की बोअर गेला. मग ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जाई. सिलिंडर एक हजारांश इंचाच्या हिशेबात मोठा केला जाई आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन बसत : आधी दहा थाऊ, पुढच्या वेळी वीस, मग तीस, चाळीस. तिथून पुढे भिंत पातळ होते, म्हणून नवी स्लीव्ह दाबून बसवून पुन्हा मूळ मापावर यायचे. क्रँकशाफ्टचे उलटे : तो घासून बारीक करायचा आणि तितकी जाड बेअरिंग घालायची. एकच बीडाचा ब्लॉक अशा रीतीने पाच-सहा वेळा नवा होऊन निघे. या कामाच्या शाळा जागोजागी होत्या. शेतीच्या ऑईल इंजिनांवर आणि ओतकामावर तयार झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांना वाहनांची इंजिने परकी वाटली नाहीत.

शेवटचा हात मात्र मिस्त्रीचाच. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन्ही तळव्यांत काठी घुसळावी तसा व्हॉल्व्ह फिरवत राहायचे, अखंड करडी रेघ उमटेपर्यंत. मग डिझेल ओतून ते पाझरत नाही ना ते पाहायचे. चार सिलिंडरच्या आठ व्हॉल्व्हना यात अर्धा दिवस जाई. या अर्ध्या दिवसात घाई केली की महिनाभरात गाडी परत गॅरेजच्या दारात येते, हे सांगायला कुठल्याही मिस्त्रीला पुस्तक लागले नाही.

इंजिनाखालोखाल खर्च पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक आणि क्लच यांचा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याची सवय सर्वत्र होती आणि तिचा पहिला बळी पाटा असे. मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटे, सेंटर बोल्ट कापला जाई, ॲक्सल सरके आणि गाडी तिरकी चाले. पाटेवाले जुने पाटे भट्टीत तापवून, घणाने ठोकून त्यांना पुन्हा कमान देत. जोडीला एक पाटा वाढवून गाडी 'मजबूत' करून देत. वाढवलेल्या पाट्याने धक्का कमी सोसला जातो आणि तो पुढे चासीकडे जातो, त्यामुळे काही काळाने चासीलाच तडा जाई. घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची खोड ब्रेकच्या मुळावर येई : ड्रम तापून लाल होई, लायनर गुळगुळीत होई आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नसे. मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वायसरांचा किट अगदी किरकोळ किमतीचा असतो. तो वेळेवर न बदलल्यामुळे घाटात गेलेल्या जिवांचा हिशेब कोणत्याही बिलात मांडता येणार नाही. किंगपिन आणि त्यांचे बुश झिजले की स्टेअरिंगमध्ये खेळ येई. पासिंगच्या वेळी आरटीओचा निरीक्षक पुढचे चाक हलवून नेमके हेच बघत असे, आणि म्हणून वर्षातून एकदा, पासिंगच्या आधीच्या आठवड्यात, हे काम हमखास निघे.

सुट्या भागांचा बाजार या धंद्याचा तिसरा खांब. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड ही त्याची मोठी ठाणी. काउंटरवर एकाच भागाचे तीन-चार भाव सांगितले जात : कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्यानेच स्वतःच्या नावाने विकलेला, स्थानिक बनावटीचा आणि भंगारात निघालेल्या गाडीवरचा. यांतला दुसरा प्रकार जाणकार मिस्त्री निवडत, कारण वस्तू बहुधा तीच आणि भाव कमी. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योग वाढल्यामुळे हा माल महाराष्ट्रात मुबलक मिळाला. मात्र कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल करून विकलेल्या बनावट मालाने याच बाजाराचे नाव वेळोवेळी खराब केले. बनावट बेअरिंग चार दिवसांत वाजू लागे आणि मजुरी दुप्पट पडे.

खर्चाचा हिशेब व्हॅनमालक एका खास पद्धतीने करीत. बहुतेक मालक स्वतःच चालक, गाडी कर्जावर घेतलेली आणि घर तिच्याच भाड्यावर चालणारे. गॅरेजचे बिल हा त्यांच्या लेखी अर्धाच खर्च. उरलेला अर्धा गाडी उभी राहिल्याचा. भाडे बुडते, हप्ता थांबत नाही आणि दूध किंवा वर्तमानपत्राचे बांधलेले काम दोन दिवस चुकले तर ते कायमचे दुसऱ्याकडे जाते. म्हणून रात्रभर जागून पहाटे गाडी रस्त्यावर काढून देणारा मिस्त्री थोडा महाग असला तरी त्याला गिऱ्हाईक तुटत नसे. मजुरी तासावर नसे, कामावर ठोक ठरे. पैशांची उधारी चाले आणि हंगाम आटोपल्यावर फिटे. जुन्या काळी बिलात मजुरी आणि लेथकाम यांचा वाटा मोठा होता, कारण भाग शक्यतो बदलायचा नाही असाच प्रयत्न असे. पैसा गावातच, चार कारागिरांत फिरे.

ऐंशीच्या दशकात बाजारात एकदम गर्दी झाली. बजाज टेम्पोने १९८२ पासून मर्सिडीज-बेंझचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन इथे बनवायला सुरुवात केली. मूळ मर्सिडीज मोटारीसाठी घडवलेले हे इंजिन बीडाच्या ब्लॉकचे, साखळीवर चालणारे आणि अत्यंत चिवट होते. टॅपेटचे अंतर वेळच्या वेळी फीलर गेजने लावले आणि ऑईल बदलले की ते बाकी फारसे काही मागत नसे. जुन्या जीपमध्येसुद्धा ते हौसेने बसवले गेले. टाटांच्या टेल्कोची ४०७ ही गाडी १९८६ मध्ये आली. १९८७ मध्ये आलेली टेम्पो ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली होती आणि तिचा कारखाना मध्य प्रदेशात पीथमपूरला निघाला. याच सुमाराला डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी अशा चार जपानी भागीदाऱ्यांच्या हलक्या गाड्या आल्या. इंजिने हलकी, आवाज कमी, डिझेलचा खर्चही कमी. पण त्यांतल्या पहिल्या दोन भागीदाऱ्या टिकल्या नाहीत. ऑल्विन-निसान १९८९ मध्ये महिंद्राने घेतली, तर डीसीएम-टोयोटाची पुढे डीसीएम-देवू झाली. त्यांच्या गाड्या घेतलेल्यांना भागांसाठी भंगार बाजार धुंडाळावा लागला. नवी गाडी घेताना तिची किंमत विचारण्याआधी 'पार्ट कुठे मिळतात' हे विचारण्याचा शहाणपणा इथल्या मालकांत अशा अनुभवांतून मुरला. ४०७ आणि ट्रॅव्हलर यांच्या दीर्घ यशात या प्रश्नाच्या उत्तराचा वाटा मोठा आहे.

बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. २००७ मध्ये टाटांनी रेनोच्या जुन्या व्हॅनवर आधारलेली विंगर आणली आणि पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन पुन्हा गॅरेजात दिसू लागली. तोवर दुरुस्तीचे स्वरूप प्रदूषणाच्या नियमांनी बदलायला घेतले होते. भारत स्टेज ४ ची अंमलबजावणी १ एप्रिल २०१७ पासून देशभर झाली आणि मधला टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर उतरली. शहरांच्या हवेसाठी हे पाऊल अत्यावश्यक होते, यात शंका नाही. या नियमांत बसण्यासाठी कॉमन रेल पद्धतीचे इंजेक्टर, त्यांना हुकूम देणारा ईसीएम, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा व्हॅनमध्ये आली.

जिथे सव्वाशे बारवर नोझल उघडत होते तिथे आता दीड हजार बारच्या वर दाब आहे. या इंजेक्टरची भोके इतकी सूक्ष्म की डिझेलमधले थोडे पाणी किंवा मातीही त्यांना पुरते. ते बहुधा दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात, आणि चारांपैकी एकाची किंमत जुन्या काळच्या सबंध पंपकामाशी स्पर्धा करते. काजळीचा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. शहरात दुकानोदुकानी थांबत माल टाकणाऱ्या व्हॅनला ती संधी मिळत नाही, फिल्टर चोंदतो, दिवा लागतो आणि इंजिन आपली शक्ती आपणहून कमी करते. युरिया संपला किंवा हलक्या प्रतीचा भरला तरी तेच. धुराच्या रंगावरून निदान करणाऱ्या मिस्त्रीला या गाडीत धूरच दिसत नाही. त्याला स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. कोड केवळ कुठला सेन्सर तक्रार करतो ते सांगतो. सेन्सर खराब आहे, वायर तुटली आहे की खरोखर दोष इंजिनात आहे, हे ठरवायला पूर्वीइतकाच अनुभव लागतो. तो नसला की एकामागून एक भाग बदलत राहण्याचा प्रकार होतो आणि त्याचे पैसे मालक भरतो.

बिलाची रचना त्यामुळे उलटी झाली आहे. मजुरीचा वाटा घटला, भागांचा वाढला. पैसा गावातल्या लेथवरून कंपनीच्या गोदामाकडे वळला. बोअरिंगची दुकाने अनेक शहरांत बंद पडत आहेत. जुलै २०१७ पासून बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, एवढाच काय तो दिलासा.

खरा प्रश्न माहितीचा आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ती बाहेर उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्याला पुढे आव्हान दिले गेले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. दापोडीच्या कार्यशाळेपासून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत ज्यांनी तीन पिढ्या व्हॅन चालत्या ठेवल्या, त्यांना नव्या गाडीची वायरिंगची आकृती आणि कोडचा अर्थ वाजवी किमतीत मिळेल असा कायदा झाला पाहिजे. तोवर व्हॅनमालकाने गाडी घेतानाच दुरुस्तीची पुस्तिका मागून घ्यावी, प्रत्येक बिल जपावे आणि बदललेला जुना भाग गॅरेजातून परत घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.